सीट खचलीय म्हणून

माझ्या मालकांच्या आजाराची सुरुवात चपलेपासून झाली. चालताना त्यांच्या डाव्या पायातली चप्पल मागं निसटून राहायची आणि ते तसेच पुढं जायचे. खडा टोचला की थांबायचे, मागं येऊन चप्पल पायात सरकवायचे आणि कुणी बघितलं का म्हणून आजूबाजूला नजर टाकायचे. एकदा संध्याकाळी ते जीपच्या अड्ड्यावरून एकाच चपलेवर घरी आले. मी भाकरी थापत होते. मला हसू आलं. म्हणलं, "दुसरी कुणाला दिली?"

तेही हसले. उंबऱ्यावर बसून पोटरी चोळत म्हणाले, "पाय झोपल्यावानी व्हतोय. गाडीची सीट खचलीय ना, त्यानं."

मला ते पटलं. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतंच.

आमची काळीपिवळी जीप होती. चौसाळा ते बीड आणि बीड ते चौसाळा, एवढाच तिचा रस्ता. मालकांनी ती जुनीच घेतली होती आणि आमच्याकडं येऊनही तिला बरीच वर्षं झाली होती. लेकीचं लग्न होऊन ती उमापूरला गेली, तेव्हा निम्मं वऱ्हाड त्याच जीपमधून गेलं. इंजिन ते जिवापाड जपायचे. ऑइल, ग्रीस, टायरची हवा, सगळं वेळेवर. आपण स्वतः कशावर बसतो ते मात्र त्यांनी कधी बघितलं नाही. ड्रायव्हरच्या सीटचा फोम दबून दबून पापडासारखा झाला होता आणि डाव्या अंगाला चांगला खड्डा पडला होता. रेक्झिन फाटलं तेव्हा त्यांनी वर पोतं टाकलं. पोतं टोचायला लागलं तेव्हा मी एका जुन्या गोधडीची घडी करून दिली. तीही खड्ड्यात जाऊन बसली. डावा पाय दिवसभर क्लचवर, आणि मांडीखाली सीटच्या सांगाड्याची लोखंडी कड. अशा बैठकीनं पाय झोपणार नाही तर काय होणार?

अड्ड्यावरचे ड्रायव्हरही तेच म्हणायचे. त्यांच्यातल्या प्रत्येकाचं काही ना काही दुखत होतं. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा, कुणाची मूळव्याध. "सीट बदल की बे," ते म्हणायचे, "एवढ्याशा कामाला कावून टाळतो?" बीडमधल्या हाडाच्या डॉक्टरांनी कमरेचा फोटो काढला. नस दबली असेल म्हणाले, पट्टा दिला, गोळ्या दिल्या, बैठक नीट करून घ्या म्हणाले. मग सीटचं काम काढायचं नक्की झालं.

मी गावात अंगणवाडी चालवते. रविवारी सुट्टी होती म्हणून मीही सोबत निघाले. खरं सांगायचं तर मला रेक्झिनचा रंग निवडायचा होता. घरात एवढीशी नवी वस्तू आली तरी तिचा रंग मी बघितलेला असावा असं मला वाटायचं.

बीडमध्ये गाड्यांच्या सीट शिवणारी काही दुकानं एका ओळीत आहेत. आम्ही गेलो त्या दुकानातले चाचा मशीनवर बसले होते. पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी जीप रस्त्याच्या कडेला लावायला सांगितली, पान्ह्यानं नट सोडले आणि सीट बाहेर काढून फरशीवर ठेवली. उन्हात ती फारच केविलवाणी दिसली. गोधडी, पोतं, रेक्झिनच्या चिंध्या असं एकेक बाजूला काढत चाचांनी शिवण उसवली. आतून पिवळी भुकटी सांडली. हरभऱ्याच्या डाळीच्या पिठासारखी. हाताला चिकटायची आणि झटकली तरी जायची नाही.

"फोम कुठाय भाऊ यात," चाचा म्हणाले. "पीठ झालंय समदं. किती साल झाले?"

"घेतली तवापासून हाय तसंच हाय."

भुकटीत शेंगांची टरफलं होती, तुटलेला कंगवा होता, काचेच्या बांगडीचा तुकडा होता. मालक ओशाळले. आपल्याच अंगावरचा मळ चारचौघांत निघावा तसं त्यांचं तोंड झालं. माझ्याकडं बघून म्हणाले, "पशिंजरचा कचरा हाय."

चाचांनी सांगाडा झाडला. तुटलेली स्प्रिंग काढून तिथं नवे पट्टे ताणून बसवले. मग दोन प्रकारचे फोम आणून आमच्यापुढं ठेवले. "खाली कडक टाकतो, वर नरम. नुसता नरम टाकला तर बसायला लई गोड, पण लवकर बसकण मारतो." त्यांनी फोमवर खडूनं रेघा ओढल्या, लांब सुरीनं कापला आणि थरांना सोल्यूशन लावून वाळायला ठेवलं. त्या सोल्यूशनच्या वासानं माझं डोकं चढलं. रंगावरून आमची थोडी बाचाबाची झाली. मला मेंदी रंग आवडला होता. त्यांना काळं पाहिजे होतं, ऑइलचे डाग दिसत नाहीत म्हणून. शेवटी काळं रेक्झिन आणि कडेनं लाल गोट असं ठरलं.

सोल्यूशन वाळेपर्यंत ते दुकानाच्या पायरीवर बसले. पावसाची उघडीप होती आणि ऊन चांगलंच तापलं होतं. त्यांनी पँट गुडघ्याच्या वर ओढून घेतली. तेव्हा मला त्यांचे दोन्ही पाय शेजारी शेजारी दिसले. डाव्या पायाची पोटरी उजवीपेक्षा बारीक होती. थोडी नाही, डोळ्यांत भरेल एवढी. आणि डाव्या मांडीवर कातड्याखाली काहीतरी उडत होतं. अंगावर माशी बसली की बैल नुसतं कातडं थरथरवतो ना, तसं. इथं थांबायचं आणि बोटभर अंतरावर सुरू व्हायचं.

मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मांडीवर तळहात दाबून धरला. थरथर हाताच्या शेजारी सुरू झाली.

"कधीपासून असं व्हतंय?" मी विचारलं.

"असंच हाय ते. दबलेली नस मोकळी व्हती म्हणत्यात." आणि त्यांनी पँट खाली ओढली.

सीट तयार होऊन गाडीत बसली तेव्हा मात्र ते लहान पोरासारखे खूश झाले. आत चढून बसले आणि त्यांचं डोकं टपाला लागायला थोडंच बाकी राहिलं. आरसा फिरवून नीट केला. पाठ टेकवून बघितली, पुढं सरकून बघितलं. "उंच झालो की मी," म्हणाले. चाचा हसले. मला म्हणाले, "बहेन, आता भाऊंना घरी ओळखा म्हंजे झालं." त्या दिवशीचं ते हसणं मला आजही ऐकू येतं. आमच्या घरात त्यानंतर तसं मोकळं कुणी हसलं नाही.

परत येताना त्यांनी पॅसेंजर घेतले नाहीत. लोक हात दाखवत होते, पण ते थांबले नाहीत. मांजरसुंब्याजवळ कपिलधारच्या देवळाकडं जाणारा फाटा आला तशी त्यांनी गाडी आत वळवली.

"कावून?" मी म्हणलं.

"चल की. पाणी पडत असंल. लग्न नवं असताना गेलतो, त्याला किती वर्षं झाली."

खाली उतरत जाणारा तो रस्ता, दोन्ही बाजूंचे हिरवे डोंगर, पायऱ्यांवर नारळाची दुकानं. रविवार असल्यानं गर्दी होती. धबधब्याचा आवाज वरपर्यंत येत होता. ते माझ्या पुढं चालत होते आणि मी त्यांच्या पायाकडं बघत होते. दुकानाच्या पायरीवर ती पोटरी दिसल्यापासून मला दुसरं काही दिसतच नव्हतं. डावा पाय ते जरा जास्त वर उचलायचे आणि तो फटकन खाली पडायचा. प्रत्येक पावलाला तो आवाज यायचा. इतके दिवस घरात तो आवाज होता आणि मला वाटायचं, चप्पल सैल झालीय.

मंदिराच्या अलीकडच्या पायऱ्यांवर त्यांच्या पायाचा चवडा पायरीच्या कडेत अडकला. ते दोन्ही हातांवर पालथे पडले. माणसं धावली, उचलून बसवलं. एका बाईनं त्यांची चप्पल खालच्या पायरीवरून आणून दिली. ते सगळ्यांना सांगत होते, "काय न्हाई, काय न्हाई. शेवाळ हाय इथं, जपून जावा." पायरी कोरडी खडखडीत होती.

माणसं पांगल्यावर त्यांनी उठायचा प्रयत्न केला. उजवा पाय वरच्या पायरीवर ठेवला. डावा यायला तयार नव्हता. मग त्यांनी वाकून पँटचं कापड गुडघ्याजवळ मुठीत धरलं आणि पाय हातानं उचलून वर ठेवला. पोतं उचलून ठेवावं तसा. हे त्यांनी इतक्या सहज केलं की मला कळलं, असं ते आधीपासून करत आलेत. नस दबल्यावर माणूस ओरडतो, विव्हळतो. यांना दुखत काहीच नव्हतं. पाय नुसता त्यांचं ऐकत नव्हता.

आम्ही धबधब्यापर्यंत गेलोच नाही. "पुढच्या खेपेला," ते म्हणाले. गाडीत बसताना त्यांनी नव्या सीटवर हात फिरवला आणि म्हणाले, "हिचा गुण यायला थोडे दिवस लागतील."

गुण आला असं काही आठवडे वाटलंही. निदान ते तसं सांगायचे. घरी कुणी आलं की सीटचं कौतुक सुरू व्हायचं. कडक फोम खाली का आणि नरम वर का, ते समजावून द्यायचे. "फरक हाय," म्हणायचे, "लई फरक हाय." मी मान डोलवायची. त्यांच्या नकळत रोज पोटरीकडं बघायची. ती बारीकच होत होती.

मग घाटात ते घडलं. मी तिथं नव्हते, त्यांच्याकडूनच तुटक तुटक कळलं. बीडहून येताना जीप भरलेली होती. घाट चढताना गिअर खालचा टाकायचा म्हणून त्यांनी क्लच दाबायला पाय टेकवला आणि पाय दबलाच नाही. पेडलवर नुसता पडून राहिला. गाडीनं गचका खाल्ला, बंद पडली आणि उतारावर मागं सरकायला लागली. आत बायका ओरडल्या. त्यांनी हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग फिरवलं आणि जीपचं मागचं चाक कठड्याला घासून थांबलं. कुणाला काही झालं नाही. एका बाईच्या ओठातून रक्त आलं, तेवढंच. लोक उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या जीपमध्ये बसून निघून गेले. यांच्याकडं कुणी परत वळून बघितलं नाही. आमचे थोरले दीर फोन ऐकून घाटात पोचले, तेव्हा हे ड्रायव्हरच्या सीटवरच बसून होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

घरी आल्यावर ते उंबऱ्यावर बसले आणि डावा पाय हातानं ओढून सरळ केला. मग म्हणाले, "चाचानं फोम जास्त भरलाय. मी उंच बसतोय. पाय पुरत न्हाई पेडलला."

मी दिरांकडं बघितलं. ते खाली बघत होते.

दुसऱ्या दिवशी दिरांनी गाडी चालवली आणि आम्ही तिघं बीडला गेलो. चाचांनी काही न विचारता कडेची शिवण उसवली, वरच्या फोमचा एक थर कापून काढला आणि परत शिवून दिलं. मालकांनी बसून बघितलं. "आता बरोबर हाय," म्हणाले. महिनाही गेला नसेल, परत गेलो. आता पुढच्या बाजूला उतार पाहिजे होता. मग आणखी एकदा. या वेळी त्यांचं म्हणणं होतं की डाव्या मांडीखालचा फोमच काढून टाका, तिथं दाबतंय. चाचांनी सुरी हातात घेतली आणि माझ्याकडं बघितलं. काय करू, असं विचारल्यासारखं. मी मान हलवली, करा. त्यांनी डाव्या बाजूचा फोम खोल कोरून काढला. काळ्या रेक्झिनवर तिथं सुरकुत्या पडल्या. नव्या सीटला आम्ही आमच्या हातानं जुनाच खड्डा पाडून घेतला होता.

त्याच दिवशी दुकानाच्या पायरीवरून उतरताना त्यांनी पाण्याची बाटली माझ्याकडं दिली. म्हणाले, "टोपण उघड बरं. घट्ट बसलंय." मी बोटानं फिरवलं तर टोपण लगेच निघालं. मी ते परत घट्ट लावलं आणि थोडी झटापट केल्यासारखं करून पुन्हा उघडलं. त्यांनी ते सगळं बघितलं होतं.

आता हाताचंही सुरू झालं होतं. दिरांनी ओळखीतून चौकशी केली आणि आम्ही संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं त्यांच्या हातापायांत बारीक सुया टोचून तपासणी केली. सुई आत गेली की यंत्रातून लाह्या फुटताना येतो तसा तडतड आवाज यायचा. मी बाहेरून ऐकत होते. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. वयानं माझ्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. पण मालक माझ्या मागं दाराला धरत धरत आले. म्हणाले, "म्याडम, जे हाय ते माझ्यापुढं सांगा."

त्यांनी सांगितलं. सावकाश, सोपं करून सांगितलं. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा वाळत चालल्यात. निरोप पोचत नाही म्हणून स्नायू झडतात. कशामुळं होतं ते कळलेलं नाही. थांबवता येत नाही. एक गोळी आहे, तिनं थोडा वेळ मिळतो, बरं होत नाही. आधी हातपाय, मग बोलणं, मग गिळणं, मग श्वास. डोळ्यांची हालचाल बहुतेक टिकते. "आणि समज राहते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सगळं कळत राहील." हे सांगताना त्यांचा आवाज थोडा बरा झाला. त्यांना वाटलं असावं, एवढी तरी चांगली गोष्ट सांगता आली.

मालक मान खाली घालून ऐकत होते. मग विचारलं, "म्याडम, सीटमुळं झालं का हे?"

डॉक्टरबाईंना कळलं नाही. मी जीपचं सांगितलं, फोमचं सांगितलं.

"नाही नाही," त्या म्हणाल्या. "सीटचा काही संबंध नाही. तुम्ही कसंही बसला असता तरी हे झालंच असतं. मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी धीर द्यायला सांगितलं होतं. पण आजाराचं सगळं ऐकून जो चेहरा पडला नव्हता तो आता पडला. बाहेर येऊन आम्ही लिंबाच्या झाडाखालच्या बाकड्यावर बसलो. दीर रिक्षा बघायला गेले होते. मालक म्हणाले, "सीटमुळं झालं असतं तर बरं झालं असतं."

"कावून?"

"सीट बदलता येती."

रिक्षा आली. मी आणि दिरांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून आत बसवलं.

गाडी आता दीर चालवायला लागले. ते अंगानं भारी आणि सरळ बसणारे. डाव्या बाजूच्या खड्ड्यात त्यांना बसता येईना म्हणून ते टॉवेलाची घडी घालून बसायचे. निघताना दारातून घडी काखेत लपवून न्यायचे, ते मालकांनी ओट्यावरून बघितलं. तोवर त्यांची जीभ जड झाली होती, शब्द चिकट यायचे. म्हणाले, "दादा, फोम भरून घे." दीर म्हणाले, "राहू दे, चालतंय." हे म्हणाले, "भरून घे. मी न्हाई आता." दिरांनी सीट सारखी करून आणली, पण त्या दिवशी ते आमच्याकडं जेवायला थांबले नाहीत.

एकदाच मालकांनी, "मला गाडीत बसवा," म्हणून हट्ट धरला. दिरांनी आणि शेजारच्या दोघांनी उचलून त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलं. मी शेजारच्या सीटवर बसून त्यांना खांद्यानं आधार दिला. हात उचलून स्टिअरिंगवर ठेवले तर ते घसरून मांडीवर पडले. मी परत ठेवले आणि वरून माझे हात धरले. त्यांनी किल्लीकडं बघितलं. दिरांनी खिडकीतून हात घालून गाडी सुरू केली. इंजिनचा आवाज ऐकत ते बसून राहिले. मान पुढं झुकत होती आणि तोंडातून लाळ गळत होती ती मी पदरानं पुसत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी "बन" एवढंच म्हणलं. बंद करा. त्यांना काढून परत कॉटवर आणून ठेवलं. त्यानंतर त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही. पुढच्या वर्षी दिरांनी जीप विकली. विकायच्या आधी कॉटजवळ बसून त्यांना सगळं सांगितलं. हे आढ्याकडं बघत राहिले.

बोलणं गेलं ते हळूहळू गेलं. आधी परक्यांना कळायचं बंद झालं, मग दिरांना, मग लेकीला. मला सगळ्यात शेवटपर्यंत कळायचं. मग मलाही कळेना झालं. ते घशातून आवाज काढायचे आणि मी विचारत सुटायचे. पाणी? कूस? डास? पंखा? त्यांचे डोळे चिडायचे, पाण्यानं भरायचे, मग विझायचे. शेवटी मी अंगणवाडीतला अक्षरांचा जुना तक्ता घरी आणला आणि कॉटसमोरच्या भिंतीवर चिकटवला. मी अक्षरांवरून काडी फिरवायची. पाहिजे ते अक्षर आलं की त्यांनी डोळे मिटायचे. मिटले म्हणजे हो, उघडे ठेवले म्हणजे नाही. एकेका शब्दाला खूप वेळ लागायचा. त्यामुळं ते पहिलं अक्षरच द्यायचे आणि बाकीचं मी ओळखायची. लेक आली तेव्हा मात्र त्यांनी तिचं लहानपणीचं लाडाचं नाव पूर्ण लिहवलं. काना-मात्रेसकट. ती पदर तोंडाशी धरून अंगणात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

तेव्हा ते नळीतून पातळ पेज घेत होते. रात्रंदिवस कफ. दर थोड्या वेळानं कूस बदलायची, तोंड पुसायचं, डोळ्यात औषध घालायचं. मी अंगणवाडीतून धावत घरी यायची आणि घरातून धावत अंगणवाडीत जायची. कधी कधी वाटेत पाय थांबायचे आणि वाटायचं, कुठंच जाऊ नये. वाटेवरच उभं राहावं.

अशाच एका दुपारी मी घरी आले, त्यांचं अंग पुसलं, कपडे बदलले आणि पाण्याचं पातेलं घेऊन मोरीकडं निघाले. त्यांनी घशातून आवाज काढला. मी पातेलं ठेवलं आणि काडी घेतली. ब वर डोळे मिटले. बरं, बाहेर, बाळ, मी एकेक म्हणून बघितलं. डोळे उघडे. पुढं काडी फिरवत गेले. स वर मिटले. मग काना-मात्रा दाखवल्या. काही नाही. संपलं.

बस.

मी त्यांच्याजवळ कॉटवर बसले. माझी धावपळ बघून बस म्हणत असतील. मला बरं वाटलं. त्यांचा हात मांडीवर घेतला. त्यात आता हाडंच होती. ते माझ्याकडं एकटक बघत होते आणि त्या बघण्यानं मला काहीतरी सुचायला लागलं. बस म्हणजे बस इथं. आणि बस म्हणजे पुरे झालं.

मी विचारलं, "मला बसायला सांगताय, का आता पुरे म्हणताय?"

त्यांनी डोळे मिटले.

ते हो होतं. पण मी दोन गोष्टी एकदम विचारल्या होत्या. वेगळं वेगळं विचारायला पाहिजे होतं, आणि अजूनही विचारता आलं असतं. ते जागे होते, काडी माझ्या हातात होती. मी विचारलं नाही. दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी डोळे मिटले असते तर मी काय करणार होते? मी काडी भिंतीशी ठेवली आणि तशीच बसून राहिले. गॅसवर भात करपल्याचा वास आला तरी उठले नाही.

त्यानंतर त्यांनी तक्त्याकडं बघितलं नाही. मी काडी उचलली की ते दुसऱ्या भिंतीकडं बघायचे. थोड्या दिवसांनी सकाळी मी त्यांचं तोंड पुसत असताना घशातली घरघर थांबली. मला वाटलं, कफ सुटला. फडकं पिळून परत वळले तेव्हा छाती हलत नव्हती. मी दिरांना हाक मारली. ते शेजारून धावत आले. त्यांनी नाकाशी हात धरला, मनगट धरलं, मग खाली बसले.

मालकांचे डोळे उघडे होते आणि माझ्याकडं होते. दिरांनी हात पुढं करून ते मिटवायला घेतले. मी म्हणलं, "भाऊजी, थांबा जरा."

पण तोवर त्यांनी मिटवले होते.